हप्ता पाच तारखेला, पगार सातला

या महिन्याच्या टपालात एकच दुखणे वेगवेगळ्या घरांतून आले आहे. पैसे महिन्याला पुरतात, तरी मध्येच खाते मायनसमध्ये जाते आणि बँक दंड कापते. माझी नोकरी बँकेत क्लिअरिंगच्या, म्हणजे चेक वटवण्याच्या, आणि पुढे कर्जाच्या टेबलावर झाली. परत गेलेल्या हप्त्यांची यादी रोज हातात पडायची. त्या यादीत कर्ज बुडवणारे थोडे असायचे, चार दिवसांनी पगार होणारे फार. या माणसांना दंड भरताना मी पाहिले आहे आणि त्यातला बराचसा दंड टळण्यासारखा होता, म्हणून यावेळचे सगळे पान याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : ताई, आम्ही उचगावला राहतो. मालक शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला आहेत. हातात २४,००० पगार येतो, कधी ७ तारखेला, कधी १० ला. घराचा हप्ता ८,६०० रुपये, तो ५ तारखेला जातो. ३ तारखेला १,००० रुपयांची एसआयपी आहे, माझ्या भावाने सुरू करून दिलेली. पगाराच्या आधी खात्यात पाच-सातशेच असतात. गेल्या महिन्यात ५९० रुपये दोनदा कापले, वर कर्ज देणाऱ्यांनी त्यांचे वेगळे लावले. मालक म्हणतात बँकेत जाऊन भांडतो. आम्ही कुणाचे देणे बुडवत नाही, मग हे आमच्याच वाट्याला का? — एक वाचिका, उचगाव

उत्तर : वहिनी, आधी ते ५९० समजून घेऊ. ५०० रुपये बँकेचा परतावा आकार, म्हणजे खात्यात पैसे नसल्याने वसुली परत गेल्याचा दंड, आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९० रुपये. दोनदा कापले, कारण दोन वेगवेगळ्या वसुल्या परत गेल्या : ३ तारखेची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला आपोआप जाणारी रक्कम, आणि ५ तारखेचा हप्ता. बँक दोन्ही वेगळ्या धरते. एसआयपी चुकली म्हणून म्युच्युअल फंड दंड लावत नाही, बँक लावते. हजाराच्या बचतीसाठी ५९० रुपये गेले. घराच्या हप्त्यावर तर दोन्हीकडून लागते, तुमची बँक परतावा आकार घेते आणि कर्ज देणारी संस्था हप्ता परत आल्याचा आकार घेते. खात्यात तेव्हा पाच-सातशेच होते, म्हणजे एक आकार लगेच वसूल झाला आणि दुसरा येणे म्हणून नोंदून ठेवला गेला. पगार पडल्या पडल्या तो कापला. ‘पगार आला की आधी बँकच हात मारते’ असे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिले आहे, ते यामुळे.

मालकांनी भांडायला जाऊ नये, अर्ज घेऊन जावे. दोन अर्ज लागतील. पहिला तुमच्या बँकेत : पगाराची तारीख अशी आहे, हप्ता नेहमी भरला जातो, आकार माफ करावा. शाखाधिकाऱ्याला थोडाफार अधिकार असतो आणि जुन्या खातेदाराचे एखाद्या वेळी ऐकले जाते. माफ झाला नाही तरी अर्जाची पोच घ्या.

दुसरा अर्ज जास्त महत्त्वाचा. तो कर्ज देणाऱ्या संस्थेकडे : हप्त्याची तारीख ५ वरून १५ करावी. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यावा, असे कायदाच सांगतो. म्हणजे कारखान्याने अगदी वेळेवर पगार केला, तरी ५ तारखेचा हप्ता त्याच्या आधीच येऊन उभा राहणार. कर्ज मंजूर करताना टेबलापलीकडच्या माणसाने पगाराची तारीख विचारायला हवी होती. अनेकदा विचारत नाहीत, छापील फॉर्मवर जी तारीख असेल तीच पडते. आता तुम्ही विचारा. काही संस्था तारीख बदलून देतात आणि मधल्या दहा दिवसांचे व्याज एकदाच घेतात. ते द्या, ते एकदाच जाते, दंड दर महिन्याला जातो. तारीख बदलली की नवा मॅन्डेट, म्हणजे खात्यातून रक्कम काढून घेण्याची परवानगी, सही करून द्यावा लागतो. त्याची नोंद व्हायला वेळ जातो. तोवर जुन्या तारखेलाच वसुली येईल हे धरून चाला आणि जुना मॅन्डेट आपल्या हाताने रद्द करायला जाऊ नका, नाहीतर मधला एक हप्ता कुठल्याच कागदावर न बसता चुकतो.

एसआयपीचे सोपे आहे. ती आजच १५ किंवा २० तारखेवर न्यायला भावाला सांगा. जमत नसेल तर दोन-तीन महिने थांबवा. ओळीने तीन वेळा परत गेली तर फंड ती आपोआप बंद करतो, म्हणून परत जाऊ देण्यापेक्षा थांबवलेली बरी.

कर्जाची तारीख बदलून मिळालीच नाही तर? मग एकच रस्ता, एक पूर्ण हप्ता खात्यात कायमचा शिलकीत ठेवायचा. ८,६०० रुपये तुमच्यासाठी लहान नाहीत, मला ठाऊक आहे. दिवाळीच्या बोनसमधून ही रक्कम सगळ्यात आधी बाजूला काढा, कपडे आणि फराळ त्यानंतर. बोनस लांब असेल तर पिग्मी, म्हणजे एजंटकडे रोज थोडी रक्कम भरायची ठेव, लावा. रोजचे ५० रुपये सहा महिन्यांत ९,००० होतात. पिग्मी लावताना एजंटला दोन गोष्टी विचारा : सहा महिन्यांत काढली तर किती कपात होते, आणि ती बँकेची आहे की पतसंस्थेची. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचे कवच आहे. पतसंस्थेला ते नाही. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात चांगल्या पतसंस्था आहेत, पण हप्त्यासाठी साठवलेला पैसा मी बँकेतच ठेवायला सांगेन.

आता घरातली व्यवस्था. पगाराच्या खात्यातून हप्ता जातो, त्याच खात्यावर मालकांचे यूपीआय आहे, त्याच खात्यातून पेट्रोल, चहा, मोबाईलचा रिचार्ज. हे वेगळे करा. दुसरे खाते काढा, ते फक्त हप्त्यांचे. त्याला यूपीआय जोडायचे नाही, एटीएम कार्ड कपाटात. किमान शिलकीची अट नसलेले मूलभूत बचत खाते, म्हणजे बेसिक सेव्हिंग्ज खाते, चालेल. एक लक्षात ठेवा, असे खाते ज्या बँकेत असेल त्या बँकेत त्याच माणसाला दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. म्हणून ते वेगळ्या बँकेत काढा. घराचा हप्ता आणि एसआयपी दोन्ही त्या खात्यावर वळवा.

वर्षातून एकदा येणारी बिले लोक विसरतात, आणि खाते रिकामे करतात ती हीच. घरफाळा, दुचाकीचा विमा, जूनमधली शाळेची वह्या-पुस्तके आणि फी. एप्रिल-मेच्या सुमाराला महावितरणचे सुरक्षा ठेवीचे वेगळे बिल येते, ते तर पुष्कळांना चुकून आले असे वाटते. ते चुकून येत नाही, वर्षभराच्या वापराच्या सरासरीवर ठेव वाढवून मागतात, आणि एकदम झेपत नसेल तर हप्त्यांनी भरण्याची सोय मागता येते. तुमच्या पत्रात दिलेले आकडे मी जोडले : घरफाळा २,४००, विमा १,२००, शाळा ६,०००, ठेव ६००. झाले १०,२००, महिन्याला ८५०. म्हणजे पगार झाला की ११ तारखेला हप्त्याच्या खात्यात टाकायचे ८,६०० अधिक १,००० अधिक ८५०, एकूण १०,४५०. बँकेत ‘स्थायी सूचना’ लिहून दिली की ही रक्कम दर महिन्याला आपोआप वळती होते. तुमच्याकडे घरखर्चाला १३,५५० उरतील. त्यात लाईट बिल, गॅस, किराणा, दूध. तारीख बदलून मिळाली नाही तरी पुढच्या ५ तारखेच्या हप्त्याचे पैसे चोवीस-पंचवीस दिवस आधीच तिथे जाऊन बसलेले असतील. पहिला महिनाच काय तो अवघड आहे, त्यासाठीच ती शिल्लक.

आणखी दोन बारीक गोष्टी. रविवारी किंवा सणाला वसुली येत नाही अशी पुष्कळांची समजूत आहे. पूर्वी तसे होते. १ ऑगस्ट २०२१ पासून हप्त्यांची ही यंत्रणा आठवड्याचे सातही दिवस चालते, रविवारीही पैसे कापले जातात. आणि वसुली पहाटे-सकाळीच येते. ५ तारखेला अकरा वाजता जाऊन भरणा केला म्हणून ती अडत नाही. पैसे आदल्या संध्याकाळपर्यंत खात्यात हवेत.

एखाद्या महिन्यात खरेच कमी पडले तर आधी कोणाचे द्यायचे, हेही तुम्ही विचारले आहे. घराचा हप्ता पहिला. हप्ता चुकल्याची नोंद क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदवहीत, जाते, आणि जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती दर पंधरा दिवसांनी पाठवावी लागते, म्हणजे पूर्वीसारखी मुभा उरली नाही. शिवाय परत गेलेली हप्त्याची वसुली २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट कायद्याच्या कलम २५ खाली येते, न वटलेल्या चेकसारखीच. मालकांना मोबाईलवर ‘नोटीस’चा निरोप आला असे तुम्ही लिहिले आहे, तो या कलमाचाच असावा. घाबरून जाऊ नका. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरली की प्रकरण पुढे जात नाही, आणि तुम्ही तर हप्ता १० तारखेलाच भरला आहे. लाईट बिल त्यानंतर : मुदत गेली तर १.२५ टक्के विलंब आकार लागतो, आणि कनेक्शन तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. उलट बिलाच्या तारखेपासून सात दिवसांत भरले तर १ टक्का सूट मिळते, हाती पैसे असतील त्या महिन्यात ती सोडू नका. एसआयपी सगळ्यात शेवटी.

आणि कर्जखात्याचा उतारा मागून घ्या. उशिराच्या दंडावर पुन्हा व्याज लावून तो मुद्दलात मिसळायला रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे. १८ ऑगस्ट २०२३ चे ते परिपत्रक आहे. उताऱ्यात तसे दिसले तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जाता येते. १४४४८ या क्रमांकावर माहिती मराठीतही विचारता येते.

प्रश्न : नमस्कार ताई. कागल तालुक्यातून लिहिते. दोन म्हशी, एक गाय आहे. गावच्या संस्थेतून दर दहा दिवसांनी दूध बिल खात्यावर पडते, पशुखाद्य वजा जाऊन ३,००० ते ४,०००. एकरभर ऊस आहे. मुलाने दुचाकी काढली, तिचा २,९५० चा हप्ता ७ तारखेला माझ्या खात्यातून जातो. म्हैस आटली की बिल निम्म्यावर येते आणि हप्ता तटतो. मागे लाडकी बहीणचे १,५०० रुपये आले तेही दंडातच गेले. महिन्याच्या पगारदारांचे सल्ले आम्हाला काय उपयोगाचे? — एक दूध उत्पादक वाचिका

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न रास्त आहे. पैशाचे बहुतेक सल्ले एक तारखेला पगार होणाऱ्यांसाठी लिहिलेले असतात, आणि आपल्या जिल्ह्यात पुष्कळ घरांचा पैसा दहा दिवसांनी किंवा वर्षातून एकदा येतो. पण खरे सांगू का, दहा दिवसांचे बिल हप्त्याला पगारापेक्षा सोयीचे आहे. महिन्यात तीन वेळा पैसा येतो, म्हणजे ओझे तीन ठिकाणी वाटता येते.

आता तुम्ही बहुधा असे करता : ७ तारखेच्या आधी जे बिल येते त्यातून हप्ता जाईल असे धरता. ते बिल दोन दिवस लांबले किंवा त्यातून पशुखाद्याची मोठी वजावट झाली की सगळे कोलमडते. त्याऐवजी प्रत्येक बिलातून १,००० रुपये काढा. तीन बिलांचे ३,०००, हप्ता २,९५०. हे हजार बिल पडले त्याच दिवशी दुसऱ्या खात्यात जायला हवेत, घरातल्या डब्यात नकोत. डब्यातला पैसा पाहुण्यांना आणि औषधांना जातो, त्यात कुणाचा दोष नसतो. हप्त्याचा मॅन्डेट त्या दुसऱ्या खात्यावर वळवा.

म्हैस आटण्याचा काळ हा अचानक येणारा खर्च नाही. रेतन केव्हा झाले, व्यायला किती महिने राहिले, हे तुम्हाला कोणत्याही बँक मॅनेजरपेक्षा चांगले कळते. तेव्हा भाकड महिने आधीच दिनदर्शिकेवर लिहा. दिवाळीला दुधाचा फरक मिळतो त्यातून तीन हप्ते, म्हणजे ८,८५० रुपये, त्याच दुसऱ्या खात्यात वेगळे टाका आणि भाकड महिन्यांपुरतेच त्याला हात लावा. पुढच्या वेळी म्हैस विकत घेताना दोन्ही एकदम आटणार नाहीत असे वेताचे अंतर बघा. हा सल्ला तुमच्याच गावातल्या जाणत्या बायका मला देतात, आणि बँकेच्या कुठल्याही योजनेपेक्षा मला तो मोलाचा वाटतो.

उसाच्या पैशावर महिन्याचा हप्ता कधीही बांधू नका. ऊस कारखान्याला गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान ऊसदर, द्यावी, उशीर झाल्यास १५ टक्के व्याज द्यावे, असे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. पण तोड कधी येईल हे आपल्या हातात नाही आणि बिल आले तरी सोसायटीचे पीककर्ज आधी वजा होते. मागच्या हंगामाचे बिल काढा आणि सगळे वजा जाऊन हातात काय आले तेवढाच आकडा धरा. त्यातून वर्षाचे खर्च भागवा : घरफाळा, विमा, बी-बियाणे, मुलीची फी. पुढे कधी शेतीसाठी कर्ज काढाल तर हप्ता सहामाही किंवा वार्षिक मागा, पिकाच्या पैशाशी जुळणारा. शेतीकर्जाला बँका तसा देतात. दुचाकीला मात्र बहुधा महिन्याचाच मिळतो.

लाडकी बहीणच्या पैशाबद्दल. ही रक्कम तुमचे आधार ज्या खात्याशी शेवटी जोडले गेले तिथे जाते, आणि तुमचे ते खाते नेमके दंड बाकी असलेले निघाले. योजनेचे पैसे थकबाकीत वळते करू नयेत असे राज्य सरकारने २०२४ मध्येच बँकांना सांगितले आहे. हे अर्जात लिहून रक्कम परत मागा. पुढच्या वेळेसाठी आधार हप्ता नसलेल्या खात्याशी, पोस्टाचेही चालेल, जोडून घ्या. सध्या कुठल्या बँकेशी जोडले आहे हे आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये दिसते, महा ई-सेवा केंद्रात बघून देतील. आणि तो पैसा येण्याचा दिवस ठरलेला नसतो, म्हणून हप्त्याच्या हिशेबात त्याला धरूच नका.

दुचाकी मुलगा चालवतो आणि हप्ता आईच्या दुधाच्या पैशातून जातो, हे मला पटलेले नाही. मुलगा कमावतो की शिकतो, ते तुम्ही लिहिले नाही. कमावत असेल तर मॅन्डेट त्याच्या खात्यावर वळवा. शिकत असेल तर निदान पेट्रोल त्याने मिळवावे. कर्ज तुमच्या नावावर असेल तर हप्ता चुकल्याचा डागही तुमच्याच नावावर लागतो, आणि उद्या म्हशीसाठी कर्ज मागायला तुम्हालाच जायचे आहे.

प्रश्न : महाद्वार रोडला कापडाचे लहान दुकान आहे. घाऊक व्यापाऱ्याला माल उचलताना चेक देतो. वडिलांच्या काळापासूनची पद्धत : आज चेक दिला तर वटायला दोन दिवस लागतात, तोवर गल्ल्यातले पैसे भरायचे. दोन महिन्यांपूर्वी सकाळी दिलेला चेक संध्याकाळी परत गेला. व्यापारी जुना आहे म्हणून निभावले. असे कसे झाले? — एक दुकानदार वाचक

उत्तर : तुमच्या वडिलांची पद्धत त्या काळी चालत होती, आता चालणार नाही. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक क्लिअरिंग बदलले. पूर्वी दिवसभराचे चेक एकत्र करून ठरावीक वेळी जायचे. आता दिवसा चेक जसा भरला जातो तशी त्याची प्रतिमा लगेच तुमच्या बँकेकडे जाते, आणि बँकेला संध्याकाळी ७ पर्यंत हो किंवा नाही कळवावे लागते. म्हणजे व्यापाऱ्याने सकाळी चेक भरला तर तुमची दोन दिवसांची सवलत काही तासांवर आली. चेक देतानाच पैसे खात्यात हवेत असे धरा.

याची गंभीर बाजूही लक्षात असू द्या. पैसे अपुरे म्हणून चेक परत गेला तर परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ चे कलम १३८ लागते. समोरच्याला ३० दिवसांत नोटीस देता येते, नोटीस मिळाल्यावर तुम्हाला १५ दिवस मिळतात. त्यात न भरले तर फौजदारी खटला. जुने संबंध आहेत तोवर कुणी हे करत नाही, पण बाजारात शब्द पसरायला खटला लागत नाही. तुमच्या धंद्यात माल उधारीवर मिळतो तो या शब्दावरच.

उपाय तीन आहेत आणि तिन्ही एकदम करावेत असे नाही. पहिला, चेकवर पुढची तारीख टाका आणि व्यापाऱ्याला तसे तोंडावर सांगा. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिने चालतो, त्याला अडचण नाही. दुसरा, गल्ला रोज भरा. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद, लागून रविवार, आणि तुमची मोठी विक्री नेमकी शनिवार-रविवारी, अंबाबाईच्या दर्शनाला गावोगावची गर्दी येते तेव्हाची. ती रोकड मशीनमध्ये भरता येते, सोमवारची वाट बघू नका. क्यूआरवर आलेले पैसेही तपासा, काही कंपन्यांचे त्याच क्षणी जमा होतात, काहींचे दुसऱ्या दिवशी. मोबाईलवर ‘जमा झाले’ असा आवाज झाला म्हणजे खात्यात पडले असे नाही.

तिसरा उपाय मला तुमच्यासाठी सगळ्यात योग्य वाटतो. तुम्ही लिहिले आहे की तुमच्या नावाने २ लाखांची मुदत ठेव आहे. ती मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे शिल्लक नसतानाही ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे काढायची सोय, घ्या. ठेवीच्या व्याजदरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त व्याज पडते, तेही जितके वापराल तितक्यावर आणि तितक्याच दिवसांचे. ३०,००० रुपये तीन दिवस वापरले तर व्याज वीस-पंचवीस रुपयांच्या घरात जाईल. चेक परत गेल्याचा एक आकार त्याच्या कितीतरी पट असतो. चालू खात्यावर विनातारण ओव्हरड्राफ्ट देऊ करणारे फोन येतील, त्यांचे व्याज आणि वार्षिक आकार विचारल्याशिवाय हो म्हणू नका. आणि ओव्हरड्राफ्टच्या मर्यादेला आपली शिल्लक समजू नका. दर महिन्यात निदान काही दिवस ते खाते पूर्ण भरलेले राहिले पाहिजे. राहत नसेल तर अडचण तारखांची नाही, धंद्यात भांडवल कमी पडते आहे, आणि त्याचा विचार वेगळा करावा लागेल. तसे असेल तर मला पुन्हा लिहा, सहा महिन्यांचे उतारे जवळ ठेवून.

प्रश्न : निवृत्त शिक्षक आहे, राजारामपुरीत राहतो. बदल्यांमुळे चार बँकांत खाती झाली. एका खात्यात चार वर्षांत व्यवहार नाही. आता बँक म्हणते किमान शिल्लक नसल्याने खाते उणे १,७०० आहे, भरा आणि मग बंद करा. — एक वाचक

उत्तर : सर, भरू नका. किमान शिलकीच्या दंडामुळे बचत खाते उणे जाता कामा नये, हा रिझर्व्ह बँकेचा नियम १ एप्रिल २०१५ पासून आहे. दंड लावण्याआधी महिनाभराची सूचनाही द्यावी लागते. शिवाय दोन वर्षे व्यवहार नसला की खाते निष्क्रिय धरले जाते, आणि १ एप्रिल २०२४ पासून निष्क्रिय खात्यावर किमान शिलकीचा दंड लावता येत नाही, ते पुन्हा सुरू करायलाही आकार नाही. या दोन्ही तारखा लिहून शाखेत अर्ज द्या, आकार शून्य करून खाते बंद करण्याची मागणी करा.

उरलेल्या तीनपैकी पेन्शनचे एक आणि ठेवींचे एक ठेवा. तिसरे बंद करण्याआधी त्यावर जुना विमा, लॉकरचे भाडे किंवा गॅसची सबसिडी जोडलेली नाही ना ते वर्षभराच्या पासबुकात पाहा. वारसाचे नाव दोन्ही खात्यांवर आहे का, हेही त्याच फेरीत बघून घ्या. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये बचत खात्याची किमान शिलकीची अट काढली, २०२५ मध्ये आणखी काही सरकारी बँकांनी काढली, त्यामुळे कुठले खाते ठेवायचे हे ठरवताना हा मुद्दाही धरा.

प्रश्न : आमच्या पेठेतल्या मंडळाची भिशी दर महिन्याला २,००० आहे. माझा नंबर फेब्रुवारीत लागेल असे म्हणतात. तेव्हाच्या विम्याचा हप्ता त्यातून भरू का? — एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : हातात येईपर्यंत धरू नका. भिशी विश्वासावर चालते आणि आपल्याकडे ती चांगली चालते, पण नंबर पुढेमागे होतो आणि विम्याची तारीख होत नाही. विम्याचे पैसे वेगळे साठवा, भिशी आली तर ती शिलकीत टाका. भिशीचे २,००० रोख जातात म्हणून पासबुकात दिसत नाहीत. महिन्याच्या हिशेबात मात्र ते हप्त्यांच्याच रांगेत लिहा.

प्रश्न : मुलगा कॉलेजला आहे. माझ्या खात्यातून महिन्याला १४९, १९९, ९९ असे काहीतरी कापले जाते. कसे थांबवू? — एक वाचिका, फुलेवाडी

उत्तर : हे यूपीआयचे ‘ऑटोपे’ आहे, मुलाने कधीतरी एकदा पिन टाकून संमती दिली आहे. रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी संदेश येतो, तो बघत चला. १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा वसुलीला दर वेळी पिन लागत नाही, म्हणून ती कळत नाही. ज्या अ‍ॅपमधून संमती दिली तेच उघडा, तिथे ‘ऑटोपे’ किंवा ‘मॅन्डेट’ अशा नावाखाली सगळी यादी दिसते, नको ते रद्द करा. मोबाईलवरून नुसते अ‍ॅप काढून टाकले तर वसुली थांबत नाही. मुलाला जवळ बसवून यादी एकत्र पाहा. काही वर्गण्या अभ्यासाच्या असतील, त्या ठेवा आणि त्यांची तारीख तुमच्या पगारानंतरची करून घ्या.